फाटकापेक्षा रुंद जीप

पार्सल आलं तेव्हा ज्याच्या नावानं ते आलं होतं तो मुलगा जाऊन महिना उलटला होता. पार्सल कचेरीला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. खिडकीतल्या कारकुनानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि नानांना सांगितलं, "ज्यांच्या नावावर आहे त्यांना स्वतः यावं लागेल."

"ते येऊ शकत नाहीत," नाना म्हणाले. पोटच्या मुलाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच अहोजाहो केलं होतं आणि ते त्यांच्याच कानाला खटकलं.

"बाहेरगावी असतात का?"

"नाही. वारले."

कारकुनानं चिठ्ठी खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला वळण पडलेलं असतं. "मग त्यांचं संमतिपत्र आणा," असं तो बोलून गेला, आणि आपण काय बोललो हे कळल्यावर त्याचा चेहरा इतका उतरला की नानांनाच त्याची समजूत घालावी लागली. नाना स्वतः पाणीपुरवठा खात्यात अशाच एका खिडकीमागे बसून निवृत्त झाले होते. नळ कोरडा पडल्याची तक्रार घेऊन आलेल्या एका म्हातारीला त्यांनी एकदा 'पाणी येत नसल्याचा पुरावा आणा' असं तोंड वर करून सांगितलं होतं. त्यामुळे खिडकीच्या अलीकडे उभं राहण्याची पाळी आली तेव्हा कुरकुर करायला त्यांना तोंड नव्हतं.

मृत्यूच्या दाखल्याची प्रत, प्रतीवर सही, सहीवर शिक्का असे सगळे सोपस्कार झाल्यावर पार्सल हातात पडलं. ते पाटा-वरवंट्याएवढं जड निघालं. नानांनी ते स्कूटरच्या पायाजवळच्या जागेत ठेवलं आणि स्वतःचे दोन्ही पाय बाहेर लोंबकळत ठेवून, नवशिक्यासारखे डुगडुगत घरी आले. समोरच्या घरातल्या मॅनेजरांनी गॅलरीतून हे दृश्य शेवटपर्यंत पाहिलं. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले होते. जन्मभर लोकांना सल्ले देऊन झाल्यावर आता कोणी विचारायलाच येत नसल्यानं त्यांच्यापाशी सल्ल्याचा मोठा साठा पडून होता. पार्सल ओट्यावर टेकेपर्यंत ते चपला घालून हजर झाले.

सुनेनं खोकं उघडलं. आत तेलकट कागदात गुंडाळलेला, दातेरी चाकांनी भरलेला एक लोखंडी गोळा होता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मॅनेजरांनी चष्मा बदलून पाहिलं. दोघांनाही काही उमगलं नाही.

"लॉकर आहे," सून म्हणाली. "जीपचा. त्यानं मागवला होता."

जीप अंगणातच उभी होती. जुनी, चारही चाकांवर जोर घेणारी, मुलानं हौसेनं घेतलेली. दर रविवारी तो आणि सून ती घेऊन गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीवर जात. तिथला चढ मुलाला काही सर होत नव्हता. संध्याकाळी जेवताना तो हातवारे करून सांगे, "नाना, असा दुसरा गिअर टाकला, असं वळवलं, निम्मा चढ झाला, आणि मागचं चाक गरगरायला लागलं." सून मान खाली घालून हसत बसे. पोरगा गाडी चालवण्यात वाघ आहे असं नानांचं ठाम मत होतं. ते स्वतः स्कूटरच्या पुढे कधी गेले नव्हते.

"पण हे करतं काय?" मॅनेजरांनी विचारलं.

सुनेनं समजावून सांगितलं. मोजणी कचेरीत ती नकाशे काढायची, त्यामुळे समजावण्याचा कंटाळा तिला नव्हता. "वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. डिफरन्शियल दोघांना आपापल्या चालीनं जाऊ देतं. पण एक चाक चिखलात घसरायला लागलं की इंजिनाचा सगळा जोर त्या घसरणाऱ्यातच वाया जातो, आणि जमिनीला धरून असलेलं दुसरं नुसतं उभं राहतं. लॉकर लावला की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. एक घसरलं तरी दुसरं ओढतं."

"आमच्या शाखेत हेच होतं," मॅनेजर म्हणाले. "जो घोळ घालेल त्याच्या मदतीला सगळे, आणि काम करणारा कोपऱ्यात. असला एखादा लॉकर आम्हालाही मिळायला हवा होता."

कोणी हसलं नाही. पण महिनाभरात त्या घरात 'कसं झालं हो' आणि 'ईश्वरेच्छा' याखेरीज झालेलं हे पहिलं बोलणं होतं. नानांनी मॅनेजरांना आग्रह करून दुसरा कप चहा घ्यायला लावला.

मॅनेजर गेल्यावर सून म्हणाली, "नाना, हा बसवून घेऊ. त्याचं तेवढं राहिलंय. मग जीप विकू, आणि मग मी बदलीच्या जागी रुजू होईन."

बदलीचा हुकूम आधीच आलेला होता, दूरच्या शहराचा. सुनेनं मुदत मागून घेतली होती. नानांनी तो विषय कधी काढला नव्हता, कारण बायको पूर्वीच गेलेली, मुलगा आता, आणि घरात माणूस म्हणावं असं हीच एक उरली होती.

"बसवून होईपर्यंत आहेस ना?"

"होईपर्यंत आहे."

नानांनी मान डोलावली. ज्या खात्यात त्यांनी आयुष्य काढलं तिथे एक पाण्याची टाकी त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी बांधायला घेतली होती आणि निरोप समारंभाच्या दिवशीही तिचं काम चालूच होतं. काम कसं करावं हे त्यांना फारसं येत नसेल, पण ते संपू कसं देऊ नये हे त्यांच्याइतकं कोणाला येत नव्हतं.

मिस्त्री आला. कशालाही 'हरकत नाही' म्हणायची त्याला खोड होती, आणि सगळं गाव त्याला त्याच नावानं ओळखे. त्यानं जीपचं मागचं चाक उतरवलं, दोन्ही मागची चाकं ज्यावर फिरतात त्या एक्सलचं पोट उघडलं, लॉकर हातात घेऊन आत धरून पाहिला, फिरवून पाहिला, आणि खाली ठेवला.

"हा आपला नाही, नाना. हा त्या छोट्या ट्रकच्या एक्सलमध्ये बसतो. दादांनी मागवताना गफलत केली. परत पाठवा, बदलून देतील. हरकत नाही."

नवऱ्यानं चपलासुद्धा कधी आपल्या मापाच्या मागवल्या नव्हत्या, हे सुनेला माहीत होतं. पण नानांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"गफलत नाही," ते म्हणाले. "त्यानं विचार करूनच मागवला असणार. लॉकर बरोबर आहे. एक्सल चुकीचा आहे."

"म्हणजे आख्खा एक्सल बदलायचा?"

"बदलायचा."

मिस्त्रीनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं जीपकडे पाहिलं. "हरकत नाही," मिस्त्री म्हणाला, आणि इथून पुढे त्या जीपच्या कामाचं मारुतीचं शेपूट झालं.

भंगारात काढलेल्या एका ट्रकचा मागचा एक्सल मिळाला. हातगाडीवरून तो गल्लीत आला तेव्हा लोक दारादारांत उभे राहिले. मॅनेजरांनी गॅलरीतून विचारलं, "पण पुढच्या एक्सलचं काय? मागची आणि पुढची चाकं वेगवेगळ्या हिशेबानं फिरली तर गाडी स्वतःशीच भांडेल." हे त्यांनी कुठून पैदा केलं देव जाणे, पण मिस्त्रीनं मान हलवली. मागच्या एक्सलचे दाते निराळ्या प्रमाणातले होते, चारही चाकांवर जोर घ्यायचा तर पुढचा एक्सलही त्याच घराण्यातला हवा होता. तो शोधण्यात बरेच दिवस गेले. तो आला तर स्प्रिंगचे पाटे आखूड पडले. पाटे लांब केले तर जीप उंच झाली. उंच झाली तर इंजिनाकडून मागे जाणारा दांडा पोचेना. दांडा पोचला तर जुनी चाकं नव्या हबवर बसेनात, आणि नवी चाकं आणली तर त्यांच्यावर जुने टायर म्हणजे पैलवानाच्या पायात बाळाचे बूट.

या सगळ्या दिवसांत नाना जीपखाली असायचे. मुलाची जुनी पँट, डोक्याला फडकं, हातात दिवा. मिस्त्री म्हणे 'दिवा इकडे', की नाना दिवा तिकडे करायचे. एकदा मिस्त्रीनं तेलाचा बूच सोडायला सांगितल्यावर त्यांनी नेमका आपल्या कपाळावरचा सोडला, आणि आंघोळ करूनही दोन दिवस त्यांच्या टकलावरून माशी घसरत होती. मान असलेल्या माणसाला हे जड जातं. खात्यात त्यांना चार शिपाई उठून नमस्कार करत, हे त्यांनी मिस्त्रीला सांगून पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "हरकत नाही. आता तो चौदाचा पाना द्या."

समाचाराला येणारे लोक अजून थांबले नव्हते. त्यांतली मुख्य म्हणजे नानांची चुलत बहीण. ती एका सकाळी आली तेव्हा नाना जीपखाली होते आणि मिस्त्री नट आणायला गेला होता. नानांना झटकन बाहेर पडता येईना, कारण पँटचा खिसा पाट्याच्या कोपऱ्यात अडकला होता. बहिणीनं स्टूल ओढून घेतलं आणि बाहेर दिसत असलेल्या दोन पायांशी बोलायला सुरुवात केली.

"नाना, धीर सोडू नकोस रे."

"नाही सोडत," पाय म्हणाले.

"किती गुणी पोर. लहानपणी माझ्याकडे यायचा तर जाताना माझ्या चपला सरळ लावून जायचा."

त्यावर पायांकडून काही उत्तर आलं नाही. बहिणीला वाटलं, ऐकू गेलं नसेल, म्हणून तिनं चपलांची गोष्ट पुन्हा सांगितली. नाना खाली उताणे पडून एक्सलच्या काळ्या पोटाकडे बघत होते, आणि डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानांत उतरत होतं. मुलगा गेल्यापासून ते रडले नव्हते. सुनेसमोर रडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि घर एवढंसं होतं की सून कुठेही असली तरी समोरच असे. इथे मात्र कोणी बघत नव्हतं. बहीण चहा पिऊन, पायांना नमस्कार सांगून गेली. तोवर खिसा कधीच सुटला होता, तरी नाना आणखी थोडा वेळ तिथेच राहिले.

त्या दिवसापासून समाचाराला कोणी आलं की नाना जीपखाली जायचे. नानांचा शोक आता ओसरला असं गल्लीत सगळ्यांनी ठरवलं, आणि काहींना ते जरा लवकरच झालं असंही वाटलं.

शेवटी मिस्त्रीनं हात पुसले. "झालं, नाना. उद्या चालू करून बघू."

संध्याकाळी नाना पाटलोण बदलून, टकलावरून हात फिरवून, स्वतःहून मॅनेजरांच्या घरी गेले. वीस वर्षांत ज्या माणसाचा सल्ला चुकवण्यासाठी त्यांनी बाजारात जायचा रस्ता बदलला होता, त्याच्यासमोर बसून त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, अजून काही राहिलंय का हो?"

मॅनेजरांचे डोळे भरून आले. त्यांनी हँडब्रेकबद्दल शंका काढली, रेडिएटरबद्दल काढली, टपाच्या ताडपत्रीबद्दल काढली. नानांनी सगळ्या मान्य केल्या. सुनेनंही एकाही शंकेला नाही म्हटलं नाही. मिस्त्रीच्या दोन 'हरकत नाही'मधलं अंतर वाढत चाललं, एवढाच काय तो विरोध.

पण शंकाही कुठेतरी संपतात. जीप चालू झाली. इंजिन धडधडलं, चारही चाकं रुबाबात फिरली, जीप अंगणातून फाटकापर्यंत गेली आणि थांबली. फाटकाचा एक खांब डाव्या टायरला लागत होता, दुसरा उजव्या. मागे-पुढे करून पाहिलं, आरसे काढून पाहिले. ट्रकच्या एक्सलनी जीप इतकी रुंद झाली होती की जणू ती त्या अंगणातच जन्मली होती आणि तिथेच राहणार होती.

गल्ली लोटली. कोणी म्हणालं हवा काढा, कोणी म्हणालं उचलून आडवी न्या. मिस्त्रीनं पहिल्यांदाच त्याचे दोन शब्द उच्चारले नाहीत. तो नुसता कपाळाला हात लावून ओट्यावर बसला.

नानांना मनातून इतकं बरं वाटलं की त्यांना स्वतःची लाज वाटली.

खांब पाडायचा तर परवानगी हवी, कारण खांबाची बाहेरची बाजू पदपथावर होती. नाना वॉर्ड कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी नकाशा पसरला आणि सांगितलं की या जागी खांब नाहीच. जो खांब कागदावर नाही तो पाडायची परवानगी देता येत नाही. आधी खांब असल्याची नोंद करून घ्या, त्याची तपासणी होईल, तो नियमात बसतो असं ठरलं की मग पाडायचा अर्ज करा. दुसरा कोणी असता तर टेबल उलथवून आला असता. नानांनी साहेबांचे मनापासून आभार मानले आणि तपासणीला साधारण किती काळ लागतो असं विचारलं. सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. नाना रमतगमत घरी आले.

सून आत फोनवर बोलत होती. नाना ओट्यावर चप्पल काढता काढता थांबले.

"हो सर, कळतंय मला. पुन्हा मुदत मागणार नाही. नाही, सासरे एकटे आहेत म्हणून. गाडीचं काम चालू आहे घरी." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "येत्या मंगळवारी आले नाही तर नावच कमी होणार का, सर? बरं. नाही, नोकरी हवीच आहे मला. बघते."

फोन ठेवल्यावर तिनं तोंडावर पाणी मारल्याचा आवाज आला. नाना आवाज न करता पुन्हा चप्पल घालून फाटकापाशी जाऊन उभे राहिले. खांबावर मुलानं शाळेत असताना रंगवलेली घराच्या नंबराची पाटी होती, आकडे एका बाजूला कलंडलेले. आपण काय चालवलंय हे नानांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं. गेलेल्या पोराच्या नावाखाली ते त्याच्या बायकोला अंगणात कोंडून ठेवत होते, तिच्या तरुण वयासकट, तिच्या नोकरीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून चहा घेऊन बाहेर आली तर नाना घण घेऊन खांबाला भिडले होते. पाटी त्यांनी आधीच काढून ओट्यावर ठेवली होती. घणाचा पहिला घाव खांबावर पडला आणि दुसरा नानांच्या तोलावर. समोरून मॅनेजर ओरडले, "नाना, परवानगी?"

"खांब नाहीच आहे," नाना म्हणाले. "नकाशात बघा."

मिस्त्री आला, त्यानं नानांच्या हातातून घण घेतला आणि न बोलता उरलेला खांब उतरवला. विटांचा ढीग बाजूला करताना सून नानांच्या शेजारी आली.

"नाना, नवे टायर आले त्याच दिवशी मी माप घेतलं होतं," ती हळूच म्हणाली. "फाटकातून निघणार नाही हे माहीत होतं मला."

नानांनी हातातली वीट खाली ठेवली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात? फाटकाला सुतळी लावून बघताना मी पाहिलं होतं तुम्हाला."

"तुला जायचं नव्हतं?" नानांनी विचारलं.

"जायचंय," ती म्हणाली. "पण इथून निघाले की तो गेला हे खरं होईल असं वाटतं."

आपल्यालाही अगदी तसंच वाटतं, असं नानांनी सांगितलं.

रविवारी ते खाणीवर गेले. नाना बाजूच्या सीटवर, समोरची मूठ घट्ट धरून. सुनेनं जीप सफाईनं गल्लीबाहेर काढली, रस्त्यावर आणली, उतारावर गिअर बदलला. खाणीपाशी येईपर्यंत नानांचं तोंड उघडंच होतं.

"तू कधी शिकलीस चालवायला?"

"लग्नाआधीपासून येते. जीप मीच चालवायचे, नाना."

"आणि तो?"

"त्याला चढाची भीती वाटायची. तो खाली उतरायचा. पुढे उलटा चालत, हातानं दगड दाखवायचा. डावीकडे घे, सरळ ठेव, थांब." ती हसली. "घरी आल्यावर मात्र तोच चालवायचा, जेवणाच्या ताटावर."

नानांना आधी मुलाचा राग आला, मग वाघाची गोष्ट आठवून हसू आलं, आणि मग आपल्या पोराचं आपल्याला न कळलेलं एवढं आयुष्य हिच्यापाशी आहे याचा हेवा वाटला. जीप चढाला लागली. निम्म्यावर, नेहमीच्या जागी, मागचं चाक गरगरायला लागलं आणि जीप जागच्या जागी थरथरू लागली. सुनेनं लॉकरचा खटका दाबला. काचेवरचे वायपर फिरायला लागले.

"हरकत नाही," दोघंही एकदम म्हणाले. तिनं शेजारचा खटका दाबला. खालून 'टक्' असा आवाज आला.

"आता बॉनेट इतकं उंच झालंय की पुढचे दगड दिसत नाहीत मला," सून म्हणाली. "कोणीतरी खाली उतरायला हवं."

कोणीतरी म्हणजे नानाच. ते उतरले, जीपच्या पुढे गेले आणि तोंड तिच्याकडे करून उलटे चालू लागले. दोन्ही हात वर, तळवे पुढे. डावीकडे. अजून. सरळ. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मागची दोन्ही चाकं आता जोडीनं फिरत होती, दगड घरंगळत होते आणि जीप गुरगुरत वर सरकत होती. सगळ्यात मोठा दगड आला. नानांनी एका बाजूला सरून हात तसेच वर धरले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा जीप माथ्यावर होती आणि इंजिन बंद होतं. सून स्टिअरिंगवर डोकं टेकवून हुंदके देत होती. नाना खिडकीपाशी गेले.

"तोसुद्धा," ती मोठ्या कष्टानं म्हणाली. "अवघड दगड आला की तोसुद्धा डोळे मिटायचा. इतकी भांडायचे मी त्याच्याशी. नेमकी गरज असते तेव्हा मिटतोस म्हणून. आत्ता तुम्ही मिटलेत आणि मला वाटलं, तोच उभा आहे."

नानांनी खिडकीतून हात घालून तिच्या डोक्यावर ठेवला. तिच्यासमोर न रडण्याचा त्यांचा नेम तिथे मोडला, आणि तो मोडायला त्यांनी इतके दिवस का लावले हे त्यांना कळेना. दोघंही बराच वेळ तसेच रडले. खाली गाव दिसत होतं, त्यात आपलं घर कुठलं हे नानांना काही ओळखता आलं नाही. सुनेनं डोळे पुसून बोटानं दाखवलं. अंगणाच्या भिंतीला एका बाजूनं खिंडार पडलेलं होतं, तेच.

"जीप विकायची नाही," उतरताना ती म्हणाली. "मी घेऊन जाते बरोबर."

"घेऊन जा. तुझीच आहे." मग जरा वेळानं नाना म्हणाले, "तिकडे पुढे उभं राहायला कोणी भेटलं, तर उभं राहू दे हो. माझा विचार करू नकोस."

सुनेनं वळणावर गाडी अगदी हळू घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान मागे बांधून झालं. मिस्त्रीनं चाकांचे नट पुन्हा आवळले. मॅनेजर रस्त्यात उभे राहून, कुठल्या गावाला कुठे वळायचं ते सांगत होते आणि सून सगळ्याला मान हलवत होती. तिनं वाकून नमस्कार केला, नानांनी तिला उठवलं, ती जाऊन बसली. कलंडलेल्या आकड्यांची पाटी तिनं मागून घेतली होती, ती तिच्या शेजारच्या सीटवर होती.

"नाना, पुढे उभे राहता?" तिनं विचारलं.

खांब पडल्यावर फाटकात आता एक बैलगाडी आडवी निघाली असती. पुढे कोणी उभं राहायची काही गरज नव्हती. हे तिलाही दिसत होतं आणि नानांनाही.

नाना फाटकाबाहेर गेले, रस्त्यात उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. डावीकडे. अजून थोडं. सरळ ठेव. ये, ये, ये. ते उलटे चालत बाजूला सरले, जीप फाटकापर्यंत आली, आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

इंजिनाचा आवाज अंगावरून पुढे गेला. कोपऱ्यावर गिअर बदलल्याचं ऐकू आलं. मॅनेजर काहीतरी म्हणाले, मिस्त्री 'हरकत नाही' म्हणाला. नाना तसेच उभे होते, दोन्ही हात वर, डोळे मिटलेले. ते उघडल्यावर समोर रिकामं अंगण दिसणार होतं. तोवर ते हातांनी 'सरळ ठेव' असं सांगत राहिले.